मागे राहणाऱ्याचं घर: बडोद्यातल्या एका जोडप्याचं प्रकरण

२०२४ च्या दिवाळीनंतर आठवड्याभरात काका एक हिरवी फाइल घेऊन माझ्याकडे आले. आत प्लास्टिकचे चार कप्पे होते आणि प्रत्येकावर स्केचपेननं लिहिलं होतं: ‘गावातलं घर’, ‘भायली’, ‘पुणे, मुलाकडे’, ‘पुणे, ज्येष्ठांची वसाहत’. भावपत्रकं, मेंटेनन्सचे आकडे, दवाखान्यांची अंतरं, सगळं नीट लावलेलं. “निर्णय झालाय. तू फक्त हिशोब तपासून दे,” म्हणाले. निर्णय भायलीचा, म्हणजे शहराच्या कडेच्या नव्या वस्तीचा होता. काकू बरोबर आल्या नव्हत्या.

हे दोघं माझ्या माहेरच्या पोळीतले (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट घरांची गल्ली). त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, नावं देत नाही. मी एकोणतीस वर्षं बँकेत होते, त्यातली अठरा ठेवींच्या काउंटरवर, म्हणून ओळखीचे लोक अजूनही कागद घेऊन येतात. एरवी मी आकडे तपासते आणि चहा पाजून पाठवते. या वेळी तसं करवलं नाही.

काका तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे, मकरपुऱ्यातल्या एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू त्रेसष्टच्या. माहेर नाशिकचं, एकविसाव्या वर्षी लग्न होऊन बडोद्यात आल्या. काकांचं घराणं इथं सहा पिढ्यांचं. गायकवाडांच्या चाकरीत आलेल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांना महाराष्ट्रात ‘गाव’ असं उरलेलंच नाही. पुण्यात कुणी “तुमचं मूळ गाव कुठलं?” विचारलं की आपण बडोदा सांगतो, आणि समोरचा “ते हो, पण मूळ?” म्हणून थांबून राहतो. म्हातारपणी महाराष्ट्रात ‘परत’ जायचं, हा विचार आमच्याकडच्या बऱ्याच घरांत कधीतरी डोकावतो. परत जायला तिथं कुणी थांबलेलं असतं का, हे सहसा कुणी विचारत नाही.

आधी पैशाचं सांगते, कारण ते सोपं निघालं. काकांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पूर्ण तीस लाख. ही मर्यादा २०२३ साली पंधरावरून तीस लाख झाली, तेव्हा त्यांनी उरलेले भरले. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. बँकेत पंधरा लाखांची मुदत ठेव, तिचं महिना साडेआठ हजारांच्या आसपास व्याज. खाजगी कारखान्यातल्या नोकरीची पेन्शन ३,१०० रुपये. एकूण ३२,१०० रुपये. दवाखान्यासाठी सहा लाख वेगळे ठेवलेले. कर्ज नाही. श्रीमंती नाही, पण बडोद्यात दोन माणसांचं चालतं.

हिशोब बरोबर होता. मी फाइल मिटली आणि म्हटलं, “काका, आता या चारही कप्प्यांतून स्वतःला वजा करा.”

त्यांना राग आला नाही. पण ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी असं का विचारलं ते सांगायला हवं. काउंटरवर बसल्यावर नवरा गेल्यानंतरची बाई रोज दिसते. एक बाई मला विसरता येत नाही. खात्यात पैसे होते, तरी तीन महिने त्यांनी एक रुपया काढला नव्हता, कारण एटीएमचा नंबर फक्त मिस्टरांना माहीत होता. घर गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत. त्यांना स्कूटर चालवता यायची नाही. बँकेपर्यंत यायचं तर रिक्षाचे जाऊन-येऊन तीनशे रुपये, ते शेजारणीकडून उसने घेऊन आल्या होत्या. ते घर मिस्टरांनी हौसेनं घेतलं होतं, बाग होती, हिंचका होता. निवृत्तीचं घर बहुतेक वेळा नवरा निवडतो, आणि त्याची शेवटची वर्षं त्यात बायको एकटी काढते. आपल्याकडे लग्नात नवरा पाच-सहा वर्षांनी मोठा असतोच, वर बायकांचं आयुष्यही जास्त. काका-काकूंचं अंतर सहा वर्षांचं. म्हणजे जे घर निवडायचं त्यात काकूंनी आठ-दहा वर्षं एकटीनं राहण्याची शक्यता खरी आहे, आणि फाइलमधल्या एकाही कागदावर त्या वर्षांची नोंद नव्हती.

स्वतःला वजा केल्यावर पैशाचा आकडा फारसा हलला नाही, हे काकांनाच नवल वाटलं. पेन्शनीतली निम्मी रक्कम विधवेला मिळते, म्हणजे १,५५० रुपये. बचत योजनेचं खातं दोघांच्या नावावर असलं तर मागे राहिलेल्या जोडीदाराला ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. मुदत ठेवीवर काकूंचं नाव होतं, पण ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, असं लिहिलेलं नव्हतं. ते त्याच आठवड्यात करून घेतलं. बचत योजनेच्या खात्यावर मात्र काकू फक्त नॉमिनी होत्या. यातला फरक लोकांना कळत नाही. नॉमिनीच्या हातात एरवी नुसते पैसे पडतात; जोडीदार एकटाच नॉमिनी असेल तर त्याला खातं मुदतीपर्यंत चालूही ठेवता येतं. त्याचीही पोस्टात जाऊन चौकशी लावली. पैसे साधारण तेवढेच राहणार होते. बदलणार होतं ते बाकीचं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. त्यांना विचारलं, कुठं राहावंसं वाटतं? त्या म्हणाल्या, “ह्यांना बरं वाटेल तिथं.” बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की त्यामागे त्यांचं स्वतःचं उत्तर आहे की नाही, हेच कळेना. म्हणून मी विचारणं सोडलं आणि एक आठवडा मागितला. प्रत्येक ठिकाणी काकूंनी एकटीनं आठवडाभर राहायचं. काकांनी तेव्हा दुसरीकडे जायचं, फोन फक्त रात्री एकदा. आणि काकूंनी रोज दोन-तीन ओळी लिहायच्या. कालनिर्णयाच्या जुन्या पानांच्या मागे लिहिलेल्या त्या ओळी माझ्याकडे आहेत. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

पहिला आठवडा गावातल्या घरात. बडोद्यात ‘गाव’ म्हणजे चार दरवाजांच्या आतलं जुनं शहर, तिथलं हे जुनं घर. रस्त्याकडे ओटला, आत लांबट चौक, वर दोन मजले. जिना लाकडी, उभा, सोळा पायऱ्यांचा, आणि कठड्याऐवजी वरून सोडलेला जाड दोर. वर्षानुवर्षं तळहातानं ओढून तो दोर मधोमध काळा, गुळगुळीत झालाय. झोपायची खोली वर, संडास-बाथरूम खाली. काकूंनी लिहिलं होतं:

“सोमवार. मोटर बंद करायला विसरले, टाकी वाहिली. समोरच्या बेननी हाक मारली.”

“मंगळवार. भजन. विठ्ठलमंदिरातून येताना शांताबाई घरापर्यंत आल्या.”

“बुधवार. रात्री दोनदा खाली. दुसऱ्या वेळी दोर धरून पायरीवरच बसले थोडा वेळ.”

“शुक्रवार. दूधवाला, भाजीवाली, कुरियरवाला, सगळे नावानं हाक मारतात. बुधवारचं ह्यांना सांगितलं नाही.”

‘दोर धरून पायरीवरच बसले’ हे मी काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. ते स्वतः रोज हाच जिना चढत होते आणि त्यांना कधी काही झालं नव्हतं.

माणसं उत्तम आणि जिना जीवघेणा, असा या घराचा निकाल. खालच्या चौकात झोपायची खोली करता आली असती. गवंडी आणून बघितलंही. पण चौकात ऊन येत नाही आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात. काकूंना दम्याचा त्रास आहे. तो विचार तिथंच संपला.

भायलीचं चटकन सांगते, कारण तिथं आठवडा राहायची वेळच आली नाही. वासणा-भायलीकडे बडोदा झपाट्यानं पसरलंय, रस्ते रुंद, हवा मोकळी. काकांनी पाहिलेलं रो-हाउस खरंच सुंदर होतं, पुढे लिंबाचं झाड. मी काकूंना म्हटलं, इथून चालत जाऊन एक जुडी कोथिंबीर आणा. त्या निघाल्या आणि पन्नास मिनिटांनी रिक्षातून परत आल्या. काकांनी काही न बोलता तो कप्पा फाइलमधून काढला. टोकन म्हणून दिलेले एक्कावन्न हजार मात्र बिल्डरनं पूर्ण परत केले नाहीत, पंचवीस हजार कापले. सही करायच्या आधी टोकनची परतफेड कागदावर लिहून घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. काकांना सांगायची संधी मला मिळाली नव्हती.

पुण्यात मुलाकडे दोघं डिसेंबरात गेले आणि अडीच महिने राहिले. त्यातला एक आठवडा काका बहिणीकडे नागपूरला गेले, आणि मुलगा-सूनबाई दिवसभर ऑफिसला असल्यामुळे काकू एकट्याच. वाकडचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा गुणी आहे. आईसाठी त्यानं बाथरूममध्ये पकडायचे दांडे बसवले, घसरू नये म्हणून चटया आणल्या. सूनबाई ऑफिसातून रोज दोनदा फोन करायची. हे मुद्दाम लिहितेय, कारण असल्या प्रकरणांत मुलाला आणि सुनेला दोष देणं फार सोपं असतं, आणि इथं तो कुठंच नव्हता. काकूंच्या ओळी अशा:

“सोमवार. भाजीवाल्याशी मराठीत बोलले, तो हिंदीत बोलला. मग मीही हिंदीत.”

“गुरुवार. आज कोणाशी बोलले नाही. वॉचमन ‘आंटी’ म्हणाला.”

“शनिवार. सूनबाईनं पुरणपोळी आणली, चांगली होती. मुलं थकलेली असतात. त्यांना सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी कुठं कुठं जावं लागतं.”

बडोद्यात गुजरातीत भाजी घेणारी बाई पुण्यात हिंदीत घेते. मराठी माणसांत राहायला मिळेल म्हणून निवडलेलं ठिकाण हे. मी काकूंना विचारलं, नाशिक तरी जवळ पडेल ना? त्या म्हणाल्या, “माहेरी आता भाचेसुना. मी गेले की पाहुणीचं ताट वाढतात.” मग जरा थांबून, “इथं मी कुणाची तरी आई आहे. तिथं मी मी आहे.” ‘तिथं’ म्हणजे बडोद्यात. काकांनी तेव्हा पहिल्यांदा त्यांचं बोलणं लिहून घेतलं.

ज्येष्ठांची वसाहत एका दुपारी पाहिली. रॅम्प, बटण दाबलं की येणारी नर्स, दोन वेळचं जेवण, सगळं चोख. पैसे असते तर मी विरोध केला नसता. एकट्या राहणाऱ्या बाईला तिथं सुरक्षित वाटेल हे खरं आहे. पण फ्लॅटची किंमत भरून वर दर महिना देखभाल आणि जेवणाचे मिळून बावीस हजार होत होते, आणि ते वर्षागणिक वाढणार. पेन्शन वाढणार नाही. अशा बहुतेक वसाहतींत ठरावीक वयाच्या आतल्या माणसाला राहता येत नाही, म्हणजे पुढं मुलाला फ्लॅट मिळाला तरी तो त्यात राहू शकत नाही आणि विकताना गिऱ्हाईक मर्यादित. शिवाय पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्क सात टक्के, गुजरातमध्ये ४.९ टक्के आणि वर एक टक्का नोंदणी. ती एक टक्का नोंदणी फीसुद्धा घर बाईच्या नावावर घेतलं तर माफ होते. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येक नवऱ्याला सांगते. एक टक्का वाचतो म्हणून नाही. बाईच्या नावावर घर असलं की तिला कुणी इथून तिथं हलवू शकत नाही, म्हणून.

तर फाइलमधले चारही कप्पे गेले. पाचवा कप्पा काकूंच्याच ओळींतून निघाला. त्यांना हवी होती ती गावातली माणसं, पण जिना नको. मग आम्ही नकाशावर एक वर्तुळ काढलं: विठ्ठलमंदिर, काकूंचं भजन, काकांची मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, ओळखीचे डॉक्टर, बँक. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेल्या या ग्रंथालयात काका रोज सकाळी मराठी पेपर वाचतात. हे सगळं चालत किंवा वीस-तीस रुपयांच्या रिक्षात व्हायला हवं. वर्तुळाच्या मधोमध आला दांडिया बाजार. मराठी वस्ती, सूरसागर तलाव दोन पावलांवर, आणि जुनी घरं पाडून उभ्या राहिलेल्या छोट्या लिफ्टवाल्या इमारती.

इथं ऑगस्ट २०२४ च्या पुराचं सांगायला हवं. त्या वेळी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, अकोटा, समा, फतेगंजकडचे अनेक भाग पाण्यात होते. काकांना समा भागात एक फ्लॅट फार स्वस्तात मिळत होता. चौथा मजला, घरात पाणी शिरण्याचा प्रश्नच नाही, असं दलाल म्हणाला. मी त्याच इमारतीतल्या एका बाईंना भेटले. घरात पाणी आलं नव्हतं, पण तळाला पार्किंगमध्ये पाणी, वीज बंद, लिफ्ट बंद. त्या तीन दिवस वरच अडकल्या होत्या आणि औषधं दोरीला पिशवी बांधून वर घेतली होती. बडोद्यात वरचा मजला पाहताना पाणी किती आलं एवढं विचारून भागत नाही, लिफ्ट किती दिवस बंद होती तेही विचारावं लागतं. दांडिया बाजारात आम्ही शेवटी निवडलेल्या इमारतीत लिफ्ट बंद पडली तरी काकूंना एकच मजला उतरावा लागतो, आणि तो जिना सिमेंटचा, रुंद, दोन्ही बाजूंनी कठडा असलेला.

लगेच विकत मात्र घेऊ दिलं नाही. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं घ्या म्हटलं, महिना अकरा हजार. भाडं मुलानं द्यायचं ठरलं. काकांना ते पचेना, आयुष्यात कुणाकडून काही घेतलं नव्हतं. शेवटी मुलानंच सुचवलं: ही रक्कम गावातलं घर विकलं की त्यातून वळती करायची. एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्या कागदाला कायद्यात किंमत असो नसो, काका त्या रात्री शांत झोपले असं काकू म्हणाल्या.

गावातलं घर विकणं हा या प्रकरणातला सगळ्यात किचकट भाग आहे, आणि तो अजून चालू आहे. घर काकांच्या वडिलांच्या नावावर. वारस दोन, काका आणि नागपूरची बहीण. काकांचा समज असा की बहीण ‘हक्क कमी’ करून देईल. आमच्याकडे हक्कसोडपत्राला गुजरातीतला हाच शब्द वापरतात. बहिणीनं नम्रपणे सांगितलं की तिला तिचा हिस्सा हवा आहे. काका दुखावले. मी या बाबतीत स्पष्टपणे बहिणीच्या बाजूची होते आणि आहे. तीही निवृत्त आहे, तिलाही राहायला घर हवं आहे, आणि वडील दोघांचे होते. दोन-तीन महिने फोनवर अबोला होता. राखीपौर्णिमेला काका स्वतः नागपूरला गेले आणि निम्मा हिस्सा मान्य करून आले.

दुसरी अडचण अशांत धाऱ्याची. गुजरातच्या १९९१ च्या या कायद्यानं ‘अशांत’ म्हणून जाहीर केलेल्या भागात घर विकायचं तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. विक्री स्वखुशीनं होतेय का, भाव योग्य आहे का, याची तपासणी होते, पोलिसांचा अभिप्राय मागवला जातो. काकांची पोळ या कायद्याखाली येते. त्यामुळे ‘घर विकू आणि त्या पैशात फ्लॅट घेऊ’ हे वेळापत्रक तिथं चालत नाही. गावातलं जुनं घर असणाऱ्यांनी आधी अर्ज करावा, मग फ्लॅट बघायला निघावं.

कराचंही याच टप्प्यावर पाहून ठेवलं. घर २००१ च्या कितीतरी आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ च्या किमतीचा दाखला नोंदणीकृत मूल्यांककाकडून घेतला. जुलै २०२४ नंतरच्या नियमानं अशा जुन्या घराला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा लावून वीस टक्के. दोन्ही हिशोब करून जो कमी तो भरायचा. विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत राहतं घर घेतलं तर नफ्याच्या तेवढ्या रकमेवर कर लागत नाही. म्हणून भाड्यानं राहून बघायला काकांना वेळ आहे.

जुलै २०२५ मध्ये ते दांडिया बाजारात राहायला आले. सामान हलवताना काकूंनी वरच्या खोलीतला हिंचका आणला, बाकी लाकूडकाम तिथंच ठेवलं. पहिल्या महिन्यात मी पुन्हा एकदा आठवडा मागितला. काका मुलाकडे गेले. काकूंच्या नोंदी या वेळी फार छोट्या होत्या. “लाइटबिल मीच भरलं.” “लिफ्टमधल्या काकूंशी ओळख, त्या इंदूरच्या.” “रात्री उठले नाही.” शेवटच्या दिवशी काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, “लक्षातच राहिलं नाही.”

काकांना हे घर अजून आपलं वाटत नाही, आणि ते लपवतही नाहीत. सकाळी लायब्ररीतून परतताना ते वाट वाकडी करून पोळीत जातात, कुलूप उघडतात, ओटला झाडतात आणि तासभर तिथं बसतात. समोरच्या बेन चहा आणून देतात. परवा म्हणाले, परवानगी उशिरा आली तरी चालेल. करार मे अखेर संपतो. फ्लॅटचा मालक विकायला तयार आहे, पण किंमत अजून ठरलेली नाही. दस्तावेज काकूंच्या नावावर करायचा, एवढं मात्र फाइलच्या नव्या कप्प्यावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.